प्रकल्प नोंदी : डोंगरावरची वेधशाळा, मे ते नोव्हेंबर २०२५

११ मे २०२५, रविवार

आजपासून ही वही माझ्याकडे. आधी ज्यांच्याकडे होती ते पुण्याला गेले, चावी आणि वही दोन्ही माझ्या हातात ठेवून म्हणाले, ताई आता तुम्हीच बघा. बघा म्हणजे काय बघा ते मात्र सांगितलं नाही.

नवीन माणसासाठी आधी काय काय आहे ते लिहून ठेवते. गोव्यात डिचोलीच्या बाजूला डोंगरावर चिऱ्याच्या चार भिंती, वर पत्र्याचं सरकतं छप्पर. आत ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण (आत आरसे, तोंडाला काच), म्हणजे २०३ मिमीची, फोकल लेंथ २०३२. ती इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे मोटरने दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवत ठेवणाऱ्या (ट्रॅकिंग करणाऱ्या) बैठकीवर, आणि माउंट काँक्रीट भरलेल्या पाइपच्या खांबावर. बाजूला १० इंची डॉब्सोनियन, हाताने ढकलायची साधी दुर्बीण, पोरांना दाखवायला तीच बरी. एक कूलिंगवाला कॅमेरा, एक जुना लॅपटॉप. वापरणारे तीन गट : शाळेची मुलं, कॉलेजची मुलं आणि आम्ही हौशी मंडळी. खर्च तिघांत वाटून, भांडणंही तिघांत वाटून.

खांब का आणि तिपाई का नाही हे प्रत्येक नवा माणूस विचारतो. आपला अक्षांश साडेपंधरा, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंशावर, म्हणजे समोरच्या माडाच्या शेंड्याला लागूनच. माउंटचा अक्ष तिकडे रोखायचा तर तो जवळजवळ आडवा होतो आणि मग काउंटरवेटचा (तोल राखणाऱ्या वजनाचा) दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. युरोपातल्या लोकांना हा त्रासच माहीत नाही, त्यांचा ध्रुवतारा वर डोक्याकडे असतो. आम्ही वैतागून खांबच घातला.

वही जानेवारीपासून चाळली. बहुतेक ठिकाणी "ओके". मग "ढग". मग "ओके". एका ठिकाणी "दव. पट्टा." एका ठिकाणी "चावी कुठे आहे???" आणि त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात "कुंडीखाली". फेब्रुवारीपासून तीन-चार वेळा "ट्रॅकिंग बिघडलं", "माउंट उडी मारतंय", पुढे काय केलं ते कुणीच लिहिलेलं नाही. फोटोवाला भाऊ म्हणतो गिअर गेले. आबा म्हणतात गिअर नाही, तुम्ही पोरं नीट बॅलन्स करत नाही. आबा निवृत्त ओव्हरसियर, रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांची निरीक्षणं वीस वर्षं करतायत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला जरा दम लागतो.

१८ मे, रविवार

काल रात्री थोडा वेळ आकाश उघडं मिळालं, म्हणून ट्रॅकिंगची टेस्ट घेतली. ३० सेकंदांचे ८० फोटो लागोपाठ, एकाच ताऱ्यावर. सकाळी बसून एकेक बघितले. ११ व्या फोटोत तारा रेघ झालेला, मग २७, मग लगेच २९, मग थेट ५२, मग ६८. उडी फक्त पूर्व-पश्चिम दिशेत, म्हणजे आरए अक्षातच, जो दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवतो.

आमच्या माउंटच्या चाकाला १८० दात आहेत, ते फिरवतो मळसूत्रासारखा दांडा, वर्म, एका फेऱ्यात एक दात. तारकादिन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीचा एक फेरा, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा, त्याला १८० ने भागा, वर्मचा एक फेरा साधारण ४७९ सेकंदांचा येतो. म्हणजे वर्मला कुठे खड्डा असेल किंवा घाण असेल तर दर सोळाव्या फोटोत तीच उडी दिसायला हवी. ११, २७, २९, ५२, ६८ यात ११ ते २७ सोळा आहे आणि ५२ ते ६८ पण सोळा आहे, बाकीच्यांचा काही मेळ नाही. मी मात्र ते दोन सोळा बघितले आणि म्हणलं सापडलं, वर्मच. ग्रीस सुकलं असणार, सहा वर्षं झाली.

ठरवलं की ३१ मेपर्यंत चालवायचं, १ जूनला सगळं उतरवून पावसाळ्यात माउंट उघडायचं. आबांना हे पसंत नाही. त्यांचा जीव उत्तर मुकुट तारकासमूहातल्या एका ताऱ्यात अडकलाय, टी कोरोना बोरिआलिस. १८६६ ला भडकला, मग १९४६ ला, आणि आता परत भडकायची वेळ जवळ आल्याचं सगळे म्हणतायत. एरवी दहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तारा, भडकला की ध्रुवताऱ्याएवढा दिसेल, पण काही दिवसच. आणि तो संध्याकाळी छान वर असतो कधी, तर नेमका मे ते सप्टेंबर, म्हणजे आपल्या पावसात. आबा म्हणाले, तो ऐंशी वर्षांनी एकदा येतो आणि तुम्ही दरवर्षी चार महिने दार लावून बसता. म्हणलं आबा, गिरवलीची आयुकाची (पुण्याच्या खगोल संस्थेची) २ मीटरची दुर्बीण पण पावसाळ्यात बंदच असते, आपण कोण लागून गेलो. ते म्हणाले त्यांना पगार मिळतो.

२१ मे, बुधवार

काल दुपारपासून पाऊस. वळवाचा असेल, तासाभरात थांबेल म्हणून कुणीच मनावर घेतलं नाही. रात्री झोपेत आवाजाने उठले, हा वळीव नव्हे. सकाळी ऑफिसला जायच्या आधी स्कूटर काढून वर गेले, वाटेत लाल पाण्याचे लोट.

छप्पर बंद होतं पण दक्षिणेकडचे दोन हुक लावलेले नव्हते, वाऱ्याने पत्रा उचलला जाऊन फटीतून पाणी आत. डॉब्सोनियनवर कव्हर होतं, वाचली. ८ इंचीवर पण कव्हर होतं, पण खालचा नाडा सुटलेला. जमिनीवर बोटभर पाणी. पॉवर सप्लाय टेबलावर होता म्हणून बरं. लॅपटॉप घरी नेला होता कुणीतरी, न सांगता, आयुष्यात पहिल्यांदा त्याबद्दल आनंद झाला.

हुक कुणी लावले नाहीत? वहीत शेवटची नोंद रविवारची : "ओके".

२५ मे, रविवार

केरळात मान्सून काल पोचला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, आणि इथे तर आजच पोचल्याची बातमी. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाहुणा मे मध्येच दारात. १ जूनचा प्लॅन गेला पाण्यात, अक्षरशः.

चौघांनी मिळून सगळं उतरवलं. मी, फोटोवाला भाऊ, कॉलेजची दोन मुलं. आबा छत्री धरून उभे राहिले, कुणावर ते शेवटपर्यंत कळलं नाही. क्रमाने लिहून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल : आधी नळी उतरवायची मग काउंटरवेट. उलटं केलं तर नळी जड होऊन गपकन खाली येते, २०२२ ला एकदा झालंय म्हणतात, खांबावर खूण अजून आहे.

फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या, नळीत बघितलं तर मातीची भिंत. कुंभारीण माशीने तोंडाशी घर बांधून बंद करून टाकलेलं, आत बेशुद्ध कोळी रचून ठेवलेले. कॉलेजच्या दोघांतल्या मुलीने, बायने, ते टूथपिकने अख्खं बाहेर काढलं आणि डबीत घालून घरी नेलं. पॉवर सप्लायच्या डब्यात मुंग्या. छपराच्या रुळाखाली पालीची अंडी, ती राहू दिली.

माउंट आणि ८ इंची माझ्या घरी, वरच्या खोलीत. डॉब्सोनियन शाळेच्या प्रयोगशाळेत. कॅमेरा फोटोवाल्याकडे. वायरी, सप्लाय, पट्ट्या-बिट्ट्या सगळं तिथेच एका प्लॅस्टिकच्या पिंपात झाकण लावून.

१४ जून, शनिवार

खोलीत आर्द्रता ८८ टक्के. दुर्बीण तळघरात नाही, ट्रंकेत नाही, चांगल्या खोलीत आहे आणि तरी ८८. मोठं हवाबंद झाकणाचं पिंप आणलं, दुर्बीण नळीसकट आत मावली, तळाला सिलिका जेलच्या कापडी पिशव्या. आत एक स्वस्तातला हायग्रोमीटर चिकटवला. दोन दिवसांत ४२ वर आला. ४० ते ५० मध्ये ठेवायचं, त्याहून खाली जास्त ओढायची गरज नाही.

जेल निळं असतं ते ओलावा पिऊन गुलाबी होतं. परत निळं करायला ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोनेक तास. हे मी घरच्या ओटीजीत केलं आणि आईने बघितलं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, विषारी, खायच्या ट्रेमध्ये ते ठेवायचं नाही हे मला माहीत होतं, वेगळा ट्रे वापरला होता, पण आईला ओव्हनच वेगळा हवा. तिचं बरोबर आहे. पुढच्या वेळी केशरी जेल आणायचं, त्यात कोबाल्ट नसतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. घरात साबुदाणा, वरच्या खोलीत बुरशी.

गेल्या आठवड्यात टॉर्च तिरका मारून बघितलं तर करेक्टर प्लेटच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या काचेच्या, आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, कडेपासून मध्याकडे पसरत चाललेले. समोरून बघितलं तर काच स्वच्छ दिसते, तिरक्या उजेडातच कळतं. २१ मेच्या नाड्याचीच ही देणगी असणार. बुरशी नुसती काचेवर बसत नाही, तिच्यातून जे आम्ल सुटतं ते कोटिंग खातं, म्हणून थांबून उपयोग नाही.

कसं केलं ते सविस्तर लिहिते कारण मला हे लिहिलेलं कुठे मराठीत मिळालं नाही.

पुढची रिंग सहा स्क्रूंनी धरलेली. काढायच्या आधी करेक्टरच्या कडेवर आणि नळीवर एकाच रेषेत पेन्सिलची खूण. ही खूण म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण काच आणि दुय्यम आरसा कारखान्यात एकमेकांना जुळवून फिरवून बसवलेले असतात, तुम्ही काच वीस अंश फिरवून बसवली तर दुर्बीण चालेल पण आधीसारखी दिसणार नाही आणि का ते कळणार नाही. काचेच्या कडेला बुचाचे चार बारके तुकडे होते, कुठला कुठे होता त्याचा मोबाईलवर फोटो. मधला दुय्यम आरसा काचेतच राहू द्यायचा, त्याला हात नाही.

काच उभी धरून आधी रबरी फुग्याने धूळ उडवली. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी जाते. डिस्टिल्ड वॉटर अर्धं, आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. शुद्ध कापूस, दुकानातून आणलेला, वाती वळायचा नव्हे. बोळा भिजवून काचेवर ठेवायचा आणि नुसत्या त्याच्या वजनाने मध्यापासून कडेकडे एकदा ओढायचा, फेकून द्यायचा, नवीन घ्यायचा. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही, परत मागे आणायचं नाही. मी एकूण ३४ बोळे वापरले. कॉलेजची बाय मोजत होती, मला वाटलं चेष्टा करतेय पण तिने वहीत लिहून ठेवलं.

धागे गेले. एका जागी, कडेपासून दोन सेंटिमीटरवर, नखाएवढी पुसट छाप राहिली, ती आता कायमची. प्रतिमेत काही फरक पडणार नाही एवढी लहान आहे. मला मात्र टॉर्च मारला की तेवढीच दिसते.

२० जुलै, रविवार

माउंट उघडलं. आरए अक्षाचं कव्हर काढल्यावर जुनं ग्रीस काळं, चिकट, कडेला गुळाच्या पाकासारखं घट्ट. म्हणलं बघा, सांगितलं नव्हतं मी? सगळं रॉकेलच्या जागी डिग्रीझरने धुतलं, वाळवलं, नवीन लिथियम ग्रीस पातळ थरात. वर्म आणि चाकातली ढिलाई ऍलन कीने अगदी पाव-पाव फेऱ्याने कमी केली. जास्त आवळलं तर मोटर अडकते, कमी आवळलं तर उलट फिरताना झटका. दोन्हीच्या मधली जागा हाताला कळते, शब्दात सांगता येत नाही, अक्ष हाताने फिरवून बघायचा.

मग टेबलावर ठेवून घरच्या ऍडॅप्टरवर दोन तास ट्रॅकिंगला लावलं. नळीच्या जागी लेझर बांधून समोरच्या भिंतीवर ठिपका, दर मिनिटाला पेन्सिलची खूण. एकही उडी नाही. सरळ रेष. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं : माउंट दुरुस्त.

(ही ओळ मी नंतर खोडलेली नाही. राहू दे.)

८ सप्टेंबर, सोमवार

काल रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण. ९ वाजून ५७ ला सुरू, खग्रास ११.०१ ते १२.२३, १.२६ ला सुटलं. चवथीचे गणपती परवा अकराव्या दिवशी गेलेले, गणपतीवरच्या माटोळीला टांगलेली तोरिंगं (पपनसं) अजून घरात, लोक जागरणाला सरावलेले, त्यामुळे ढगाळ असून पण शाळेच्या मैदानावर साठ-सत्तर माणसं. डॉब्सोनियन बाहेर काढली, ट्रॅकिंग लागत नाही, हाताने ढकलायची.

ढगांच्या फटींतून मिळेल तेवढं. साडेअकराच्या सुमाराला चांगली दहा मिनिटं उघडलं, तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा चंद्र. एक आजी ग्रहण म्हणून पाणी न पिता आलेल्या, सुनेने बजावून पाठवलेलं की वर बघू नका. त्यांनी आयपीसला डोळा लावला तो काढेचनात. मागे रांग. शेवटी एका मुलाने आजी आमचा नंबर म्हणल्यावर म्हणाल्या, थांब रे, ह्याच्या बाजूला तारे पण दिसतायत. बरोबर होतं त्यांचं. पौर्णिमेच्या चंद्राशेजारी एरवी तारे कधी दिसतात?

घरी पोचले तेव्हा पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचं भोंपू वाजायला थोडाच वेळ होता.

२८ सप्टेंबर, रविवार

छप्पर उघडायला गेलो तर हलेना. चौघांनी ढकललं, एक हात सरकलं आणि अडकलं. वेल्डर काकांना बोलावलं. ते रुळाखाली आडवे झाले, एक चाक बोटाने फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बाये, हें गेलां." आठ चाकांपैकी तीन गेली होती. रूळ म्हणजे लोखंडी अँगल उलटा ठेवलेला, चाकाला मध्ये खाच, ती खाच गंजाच्या पापुद्र्यांनी भरलेली. गोव्यातल्या पावसाळ्यात उघडं लोखंड म्हणजे दर वर्षी एक थर देवाला.

तीन चाकं बदलली, पाच तापवलेल्या ग्रीसमध्ये बुडवून परत बसवली, रूळ घासून झिंकचा प्रायमर. काका म्हणाले ग्रीस रुळाला लावू नका, धूळ धरतं, फक्त बेअरिंगला. गेली सहा वर्षं आम्ही रुळालाच लावत होतो.

हुक आता रंगवलेत, लावले की हिरवा भाग दिसतो, नाही लावले की लाल. एवढ्यावर तरी लावतील.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळं परत चढवलं. कोलिमेशन केलं, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवले : तारा आउट ऑफ फोकस केला की मध्ये काळं भोक असलेला मेदूवडा दिसतो, भोक बरोब्बर मध्ये येईपर्यंत दुय्यम आरशाचे तीन स्क्रू एकेक जरा जरा. करेक्टर काढून बसवल्यावर बरंच बिघडलं असेल वाटलं होतं, पाव फेऱ्यात जमलं. पेन्सिलच्या खुणेची कृपा.

संध्याकाळी शाळेची २६ मुलं लेमन धूमकेतू बघायला. जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या माउंट लेमनवरून सापडला म्हणून ते नाव, लिंबाचा काही संबंध नाही, हे मी दर पाच मिनिटांनी सांगत होते. भूतप तारकासमूहाच्या बाजूला, पश्चिमेला खाली, सूर्य मावळल्यावर तासभर मिळतो. रंग हिरवट. ८ इंची त्याच्यावर लावली, कॅमेरा चालू केला, स्क्रीनवर सगळ्यांना दिसेल असा.

चौथ्या फोटोत उडी. सातव्यात परत. नवव्यात, दहाव्यात. धूमकेतू स्क्रीनवर बेडकासारखा. मुलांना मजा आली, त्यांना वाटलं धूमकेतू असाच पळतो.

आबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या पुतळ्यांच्या रात्री काही करता येत नाही, फटाक्यांचा धूर, फोकस लाइट, गावोगावच्या स्पर्धा. फोव (पोहे) खाऊन दोन दिवस गप्प बसले आणि मेचे ८० फोटो परत उघडले. ११, २७, २९, ५२, ६८. २७ आणि २९ मध्ये एकच फोटो. वर्मचा दोष ६० सेकंदांत परत कसा येईल? येतच नाही. हे मला मे मध्येच दिसत होतं. दोन सोळा सापडले म्हणून बाकीच्या आकड्यांकडे मी काणाडोळा केला आणि मग काळं ग्रीस दिसल्यावर तर खात्रीच पटली. ग्रीस काळं होतं हे खरंच, बदलायलाच हवं होतं, पण आजार तो नव्हता.

मग जुलैत टेबलावर दोन तास एकदम ठीक कसं चाललं? टेबलावर आणि डोंगरावर वेगळं काय आहे? नळीचं वजन. वारा. आणि वीज. घरी मी घरचा ऍडॅप्टर लावला होता.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर परत पावसाने घोळ घातला, आज कुठे वर जाता आलं. मल्टिमीटर घेऊन गेले. कॉलेजची बाय आकडे लिहायला.

सप्लायच्या तोंडाशी १२.१ व्होल्ट. तिथून माउंटपर्यंत आठ मीटर वायर, जमिनीतल्या पाइपमधून. माउंटच्या तोंडाशी, नुसतं ट्रॅकिंग चालू : ११.८. ठीक. मॅन्युअलप्रमाणे किमान ११ हवेत.

तेवढ्यात मीटर १०.९ वर. परत ११.८. परत १०.९. कुणी काहीच केलेलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय. मग तिने खाली वाकून वायर हाताने चाचपत नेली आणि खांबाच्या मागे, टेप गुंडाळलेल्या जोडापाशी थांबली. तिथून दुसरी एक वायर निघून वर नळीकडे. नळीच्या तोंडाला काळा पट्टा, हाताला कोमट.

दवाचा हीटर. करेक्टरवर दव बसू नये म्हणून गरम पट्टा बांधतात, आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो लागतोच, त्यात चूक काही नाही. त्याचा कंट्रोलर पट्टा सतत चालू ठेवत नाही, मध्येमध्ये करंट सोडतो. पट्टा आणि गाइडस्कोपचा (ट्रॅकिंग सुधारायला लावलेल्या छोट्या दुर्बिणीचा) छोटा पट्टा मिळून सव्वादोन अँपिअर, माउंटचे ट्रॅकिंगला पाऊण-एक. वायर बघितली तर ०.७५ स्क्वेअर मिमी, घरातल्या टेबल फॅनला असते तसली. आठ मीटर जायचे, आठ यायचे, रोध साधारण ०.३९ ओहम. तीन अँपिअरला १.२ व्होल्ट वायरमध्येच खलास. १२.१ मधून १.२ गेले, १०.९ राहिले, बरोबर मीटरवर दिसतंय तेच. आम्ही स्ल्यू करून, म्हणजे माउंट जोरात दुसरीकडे वळवून, बघितलं, हीटर चालू असताना १०.३. माउंटचा बोर्ड तेवढ्यात एक गचका खाऊन परत उभा राहतो, आणि त्या गचक्यात तारा पळतो.

मे मध्ये उतरवताना आम्ही पट्टा काढून पिंपात ठेवला, ऑक्टोबरात कुणीतरी होता तसा परत लावला, नॉब होता तिथेच. जुलैत टेबलावर पट्टाच नव्हता.

घरी येऊन वही उघडली. १४ जानेवारी : "दव. पट्टा."

कॅमेऱ्याचा, नाहीतर कव्हर बांधायचा पट्टा असेल असं मे मध्ये मला वाटलं होतं. दोनच शब्द होते, पण होते. ज्याने लिहिलं तो कॉलेजचा पोरगा आता बेंगळुरूला नोकरीला. त्याला मेसेज केला, चिडून नाही, नुसतं विचारायला. त्याचं उत्तर : हो ताई मीच लावला, त्या दिवशी एवढं दव होतं की काच टपकत होती, सप्लाय एकच होता म्हणून मधूनच जोडला, तात्पुरता. पुढे हसणारं तोंड.

तात्पुरता. आमच्याकडच्या निम्म्या गोष्टी तात्पुरत्या आहेत आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या पण त्याच.

९ नोव्हेंबर, रविवार

माउंटला नवीन वायर, २.५ स्क्वेअर मिमी, फक्त माउंटसाठी. हीटरला वेगळा सप्लाय, वेगळी वायर, प्लगवर लाल टेप. जुन्या जोडाची टेप उलगडली तर आत तांबं हिरवं, नखाने पावडर पडतेय. एक मोसम अजून गेला असता तर ठिणगी पडली असती.

खर्च : वायर, दुसरा सप्लाय, प्लग मिळून २,१४०. शाळेचा वाटा सर देतो म्हणाले. कॉलेजचा वाटा बिल पास झाल्यावर, म्हणजे मार्चमध्ये.

आता माउंटच्या तोंडाशी ट्रॅकिंगला १२.०, स्ल्यूला ११.८. हीटर पूर्ण लावला तरी आकडा हलत नाही.

वहीत "ओके" लिहायला बंदी. त्याऐवजी चार रकाने : काय लावलं, काय काढलं, काय हलवलं, व्होल्ट किती. मल्टिमीटर दोरीने टेबलाला बांधून ठेवलाय, बँकेतल्या पेनासारखा. फोटोवाला भाऊ म्हणाला एवढं कोण लिहिणार. त्याच्या हातात पेन दिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री ३० सेकंदांचे ८० फोटो परत, तोच प्रयोग. दव भरपूर, हीटर चालू. ८० पैकी एकातही उडी नाही. वर्मची स्वतःची लाट दिसते, दर सोळा फोटोंनी तारा किंचित इकडून तिकडे, ती असणारच, गाइडिंगने जाते. ग्रीस बदलल्याने ती लाट आधीपेक्षा लहान झालीय, म्हणजे जुलै अगदीच फुकट गेला नाही. हे मी आबांना दोनदा सांगितलं.

आबांचा तारा अजून भडकलेला नाही. पूर्ण पावसाळा ते रोज सकाळी बातम्या बघत होते, कुणी जाहीर केलं का म्हणून, आणि नाही बघून खूश व्हायचे. सध्या सूर्य त्याच बाजूला आहे, तारा संध्याकाळी खाली नि पहाटे पण खाली. जानेवारीत पहाटे वर येईल. आबांनी १० जानेवारीपासून रोज ४.३० ते ५.४५ चे स्लॉट घातलेत, अख्खा महिना, बाकी कुणाला विचारायच्या आत. कॉलेजवाले तक्रार करणार आहेत. मी म्हणलं करा, पण पहाटे साडेचारला उठून या आणि मग करा.

राहिलेलं : उत्तरेकडचा एक हुक अजून रंगवायचा आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या डबीतल्या ओलावा शोषणाऱ्या गोळ्या बदलायच्या, परवा उणे १० ला नेल्यावर फोटोच्या मध्ये बर्फाचा डाग आला. कुंडीखालची चावी उचललेली आहे, आता शाळेच्या वॉचमन मामांकडे. कुंडी उचलून शोधत बसू नका, खाली विंचू आहे.